बेडूक आले तर तळं

जयंती कापगते हिने कॅनडातल्या किचनरमध्ये घरामागे तळं खणलं, त्या उन्हाळ्यात तिला काम नव्हतं. सोफ्यांच्या कारखान्यात ती खोळी शिवत असे. जाड कापड, जाड सुई, दिवसभर पायाशी मोटार घुरघुरणार. ऑर्डरी आटल्या तशा कारखान्याने निम्म्या बायकांना घरी बसवलं. जयंतीला घरी पाठवता येत होतं, बसवता येत नव्हतं. तिसऱ्याच दिवशी तिने गॅरेजमधून कुदळ-फावडं काढलं.

नवरा गुरुदत्त तेव्हा पंपांच्या कारखान्यात ड्राफ्ट्समन होता. संध्याकाळी घरी येऊन बघतो तर हिरवळीच्या मधोमध मांडीपर्यंतचा खड्डा आणि खड्ड्यात बायको.

"कुणाला पुरायचंय?" त्याने विचारलं.

"अजून ठरवलं नाही. आधी चहा करा, मग सांगते."

जयंतीचं माहेर भंडारा जिल्ह्यात, साकोलीच्या अंगाला. तिकडे गावाला तलाव असतो आणि धानाच्या शेताच्या टोकाला बोडी, म्हणजे लहानसं तळं. तिचे वडील आणि काका दर उन्हाळ्यात तलावाची पाळ दुरुस्त करायला जात. माती टाकायची, पायाने तुडवायची, मग वरचा थर. पोरांना तुडवायला लावत, आणि नुसतं नाचणाऱ्या पोराला वडील पाळीवरून खाली उतरवत. पाऊस लांबला की गावात धोंडी काढायची, तेव्हा काठीला बांधलेला बेडूक घरोघर जयंतीच्याच खांद्यावरून फिरे आणि शेवटी त्याला सोडवून बोडीत नेऊन टाकायचं कामही तिचंच. बेडकाची तिला किळस नव्हती. हातात धरला की त्याच्या घशाची धडधड बोटांना लागते, ती तिला आवडायची.

गुरुदत्त म्हणाला, मशीन बोलावू, अर्ध्या दिवसात होईल. ती म्हणाली, "मशीन भोक पाडतं. मला काठ हवाय." काठाला तिने पायऱ्या ठेवल्या, बेडकाला वर येता यावं म्हणून. मध्ये छातीइतकं खोल केलं, बर्फ तळापर्यंत पोचू नये म्हणून. खाली बेसमेंटमधला जुना गालिचा, वर रबराचं जाड कापड, काठाला चपटे दगड. दगड गावाबाहेरच्या एका मेनोनाइट पंथाच्या शेतकऱ्याच्या बांधावर पडून होते. त्याने फुकट दिले, पण उचलून द्यायला कुणी दिलं नाही. ते सगळे जयंतीने उचलले. गुरुदत्तने गाडी चालवली आणि पाठ धरली.

कारखान्याने परत बोलावलं तेव्हा तळं भरून झालं होतं. पुढच्या वसंतात, बर्फ गेल्यावर, बेडूक आले.

कुठून आले ते कुणी सांगावं. रेल्वेच्या रुळांपलीकडे ओढा आहे, तिथून असतील. हिरवे, गुळगुळीत, डोळ्यांमागे नाण्याएवढा कान. ढिल्या तारेवर बोट मारावं तसा त्यांचा आवाज, टंग. मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा टंग. जयंती स्वयंपाकघरात पोळ्या लाटत होती. तिने लाटणं खाली ठेवलं आणि पिठाच्या हातांनी तशीच बाहेर गेली. मुलगी ऊर्मी तेव्हा सात वर्षांची होती. ती काठावर पालथी पडली ती जेवायला उठेना.

"आई, दे केम टु अवर हाउस!" ती म्हणत राहिली. जणू पाहुणे.

पाहुणेच होते ते. आणि दरसाल आले.

गणपतीचं नंतर सुरू झालं. त्या काळी किचनर-वॉटर्लूमध्ये मराठी घरं थोडी. दोन-तीन डॉक्टर, विद्यापीठातले प्रोफेसर, काही इंजिनियर. एका वर्षी नदीवर विसर्जनाला गेले, तर पार्कच्या माणसाने हटकलं. सगळे मूर्ती घेऊन तसेच पार्किंगमध्ये उभे. कुणीतरी म्हणालं, अरे, जयंतीकडे तळं आहे की.

तिने हो म्हटलं, पण अटी घातल्या. मूर्ती शाडूची. वीतभर, त्याहून मोठी नाही. आणि निर्माल्य पाण्यात टाकायचं नाही. विसर्जनाच्या संध्याकाळी ती काठावर बुटकं स्टूल टाकून, मांडीशी टोपली घेऊन बसे. हार, दुर्वा, केवडा, सगळं आधी टोपलीत. एका डॉक्टरांच्या बायकोला ते पटेना.

"अगं, देवाची फुलं ती. नदीत सोडतोच की आपण."

"नदी वाहते, वहिनी. हे माझं उभं पाणी आहे. टाका टोपलीत."

वहिनींनी टाकलं. दुसऱ्या दिवशी ते निर्माल्य जयंती लायलॅकच्या झुडपाच्या बुंध्याशी खड्डा करून पुरे. म्हणून लायलॅकला अशी फुलं येत की शेजारीण खत कोणतं ते विचारी.

त्या संध्याकाळी जयंतीला अजून आठवतात. घडीच्या खुर्च्या जो तो आपापल्या घेऊन येई. पातेल्यांना चिकटपट्टीवर नावं. हातात ताट घेऊन प्रोफेसर घसा ताणून आरती म्हणत आणि गुरुदत्त प्रत्येक कडव्याला अर्धा सूर मागे. मुलं टॉर्च घेऊन काठाला. बेडूक मोदक खातात का, हा वाद दरवर्षी नव्याने. ऊर्मीचं ठाम मत होतं की खातात, पण फक्त सारण. मूर्ती पाण्यात जाताना मात्र सगळी मुलं गप्प होत. मोठी माणसं तेव्हा कुठेतरी लांब बघत. कुणी कुठे बघतोय हे कुणी कुणाला विचारलं नाही.

ती माणसं आता पांगली. कुणी कॉन्डोत गेले, कुणी मुलाकडे व्हँकुव्हरला. काही भिंतीवरच्या फोटोत आहेत. त्यांच्या जागी नवी आली, पुण्या-नागपूरची, सॉफ्टवेअरमधली. तीही खुर्च्या घेऊन येतात. त्यांच्यातली गौरांगी ही नागपूरची मुलगी जयंतीच्या घरात मुलीसारखी वावरायला लागली. कामाला हलकी, बोलायला मोठी, मनाने चांगली. जयंती तिला पोळ्या शिकवत असे. पोळ्या नकाशासारख्या होत आणि गुरुदत्त त्यातले प्रांत ओळखून दाखवी. "हे सस्कॅचेवान. हे बघ, सस्काटून इथे जळलंय."

गेल्या ऑगस्टात जयंती ओल्या दगडावरून घसरली. उजवं मनगट मोडलं. त्या वर्षीच्या विसर्जनाला ती प्लास्टरचा हात गळ्यात बांधून आत सोफ्यावर होती. औषधाने डोळे मिटत होते. टोपली घेऊन स्टुलावर गौरांगी बसली.

"काकू, एक पाकळीसुद्धा पाण्यात जाऊ दिली नाही," ती आत येऊन सांगून गेली. जयंतीने मान हलवली आणि झोपली.

शरदात तळ्याची साफसफाई असते. पानं गाळून काढायची, सुकलेले देठ कापायचे. ते गौरांगी आणि तिचा नवरा क्षितिज यांनी केलं, वरवर. हिवाळ्यात जयंती दर आठवड्याला गरम पाण्याचं पातेलं बर्फावर टेकवून एक भोक मोकळं ठेवत असे, खालचा कुबट वायू बाहेर पडावा म्हणून. या हिवाळ्यात तिला मागच्या पायरीवरसुद्धा कुणी जाऊ देईना.

ख्रिसमसला ऊर्मी टोरांटोतल्या एटोबिकोहून आली. आईला चहाचा कप डाव्या हाताने उचलताना तिने पाहिलं आणि तळ्याचा विषय काढला.

"आई, इट्स टाइम. फिल इट इन. यू आर सेव्हंटी-फोर."

"वय मला माहीत आहे. जन्माला मी आले होते."

"नेक्स्ट टाइम इट्स युअर हिप, आई. देन व्हॉट?"

गुरुदत्त पेपराआडून म्हणाला, "पोरगी चुकीचं बोलत नाही. माझे गुडघे गेले. तुझा हात गेला. दोघांत मिळून आपण आता एक माणूस उरलोय."

जयंती खिडकीपाशी गेली. बर्फाखाली झाकलेल्या तळ्याकडे बघत राहिली. मग तिनेच तोड काढली.

"बेडूक आले तर तळं राहील. मी मेहनत करते ती त्यांच्यासाठी. नुसतं पाणी राखायला मी कंबर मोडणार नाही. व्हिक्टोरिया डेपर्यंत बेडूक दिसला किंवा ऐकू आला, तर कुणी पुन्हा विषय काढायचा नाही. नाही आला, तर टाका माती. मी रडणार नाही."

ती तडजोड तिला सोपी वाटली होती. बेडूक दरसाल येत होते. न यायला काय झालं?

ऊर्मीने हात पुढे केला. आईने डाव्या हाताने मिळवला. जानेवारीतच ऊर्मीने मातीवाल्याची वेळ ठरवून टाकली, मे महिन्यातल्या व्हिक्टोरिया डेच्या सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी, मंगळवारी सकाळी. पोरगी आईवरच गेली होती.

एप्रिलमध्ये बर्फ गेला. जयंती काठी धरून तळ्यापाशी गेली आणि आधी तिला वास आला. पाणी काळं होतं. काठाशी पांढुरकं काहीतरी तरंगत होतं. तिने काठीने जवळ ओढलं. हिरवे बेडूक होते. पोट वर, पाय ताणलेले, रंग उडालेला. एक, मग आणखी, मग दगडांच्या फटीत अडकलेले. हे बेडूक थंडीत तळाशी गाळात झोपतात. झोपेतच गुदमरले.

तिने दंताळं आणलं आणि डाव्या हाताने तळ चाचपला. काहीतरी जड लागलं. ओढून वर काढलं तर उशीचा अभ्रा, तोंड गाठ मारून बांधलेला. आत वीट होती आणि कुजून काळा पडलेला लगदा. लगद्यात सुपारी आणि हाराचा दोरा ओळखू आला. थोड्या वेळाने दुसरा अभ्रा निघाला.

गौरांगी संध्याकाळी आली. जयंतीने दोन्ही अभ्रे पायरीवर ठेवले होते. विचारायची गरज पडली नाही.

"काकू," गौरांगीचा चेहरा उतरला, "तुम्ही झोपला होता. मला वाटलं, इतकं निर्माल्य, आता कुठे ठेवू? क्षितिज म्हणाला, ग्रीन बिनमध्ये टाक. देवाची फुलं कचऱ्यात कशी टाकू? म्हटलं, तरंगायला नको म्हणून तुम्ही पाण्यात टाकू देत नसाल. मग मी बांधलं, वीट घातली, नमस्कार केला आणि..."

"आणि बुडवलं."

"नवे अभ्रे होते, काकू. मुद्दाम चांगले घेतले."

जयंतीला हसू आलं असतं, पण पायाशी बादलीत मेलेले बेडूक होते. "विचारायचं होतंस."

"सॉरी, काकू."

"सॉरीने पाणी साफ होत नाही. बूट आणलेत?"

"आत्ता?"

"नाही, उद्या. आज मला त्यांना पुरायचंय."

लायलॅकच्या बुंध्याशी तिने खड्डा केला, डाव्या हाताने, म्हणून वेळ लागला. गौरांगी फावडं मागत होती. तिने दिलं नाही. गुरुदत्त खिडकीत उभा होता. जयंती आत आली तेव्हा तो म्हणाला, "मी ऊर्मीला काही सांगत नाही."

"काय सांगायचं नाही? मी बोलले ते बोलले."

पुढचे दोन आठवडे गौरांगी ऑफिस सुटलं की येई. निम्मं पाणी बादल्यांनी काढायचं, गाळ उपसायचा, गाळ भाजीच्या वाफ्यावर पसरायचा, ताजं पाणी थोडं थोडं सोडायचं. पंप लावू, असं क्षितिज म्हणाला. जयंती म्हणाली, पंप गाळात तोंड घालून मरेल, आणि मेला की मला त्यालाही पुरावं लागेल. जयंती खुर्चीत बसून बघे. बादली किती भरायची, कुठे पकडायची, पाठ कशी ठेवायची. एकदा गाळातून आणखी एक बेडूक निघाला आणि गौरांगी उभ्या उभ्या रडायला लागली.

"रडायचं तर बादली खाली ठेवून रड," जयंती म्हणाली. "सांडतंय."

गौरांगीने बादली खाली ठेवली, रडली, डोळे पुसले, बादली उचलली. जयंतीने त्या दिवशी तिला जेवायला थांबवून घेतलं. भोक मोकळं ठेवलं असतं तर काही वाचले असते, असं ती जेवताना म्हणाली. "सगळं तुझ्यावर घेऊ नकोस. वाटणीपुरतं घे."

पाणी निवळलं. तळातला दगड दिसायला लागला. बेडूक आला नाही.

"काकू, विकत मिळतात," एक दिवस गौरांगी हळूच म्हणाली. "ऑनलाइन पाहिलं मी. किंवा क्षितिज कुठल्या तरी तळ्यावरून दोन आणेल. ऊर्मीताईला काय कळणार?"

"मला कळेल ना. मी म्हटलं होतं, आले तर. आणले तर नाही."

मे उजाडला. जयंती सकाळी चहा घेऊन पायरीवर, दुपारी भाजी निवडायला पायरीवर, संध्याकाळी पुन्हा पायरीवर. रॉबिन पक्षी येऊन काठावर आंघोळ करून गेले. समोरच्या घराने गवत कापलं. आवाज म्हणून जो काही होतो तो सगळा झाला, तो एक सोडून. तिच्या लक्षात आलं की इतकी वर्षं ती बेडकाची वाट बघत नव्हती. तो आला की तिला कळायचं, एवढंच. वाट बघायला ती या वर्षी शिकली.

मदर्स डेला ऊर्मीने हट्टाने एटोबिकोला बोलावलं. शुक्रवारी न्यायचं, रविवारी संध्याकाळी परत सोडायचं. जयंतीला जायचं नव्हतं.

"जा," गुरुदत्त म्हणाला. "माझे गुडघे गाडीत दुमडत नाहीत. मी थांबतो इथे. बघतो मी तळ्याकडे."

"तुम्ही? दाराची बेल ऐकू येत नाही तुम्हाला."

"दाराशी येणारा माणूस बघण्यासारखा असला तर येते."

ती गेली. सतराव्या मजल्यावरच्या कॉन्डोत दोन दिवस राहिली. खाली हायवे, वर विमानं. ऊर्मीने आईला ब्रंचला नेलं, नवा कोट घेतला. रात्री एकाच पलंगावर दोघी झोपल्या, ऊर्मी लहान असताना झोपत तशा. शनिवारी पाऊस पडला, उबदार. जयंती काचेवरचे ओघळ बघत बसली.

"आर यू मॅड ॲट मी?" ऊर्मीने विचारलं.

"नाही गं. तुझं बरोबरच आहे. बरोबर असलं म्हणून आवडायलाच पाहिजे असं नाही."

रविवारी परतली तेव्हा स्वयंपाकघराची खिडकी सताड उघडी होती. घर गारठलं होतं. गुरुदत्त खिडकीपाशी कानटोपी घालून खुर्चीत बसला होता. ती पिशव्या खाली ठेवते न ठेवते तोच म्हणाला, "आले होते."

"कोण?"

"बेडूक. काल रात्रभर. आज सकाळीही थोडा वेळ. आता थांबलेत."

जयंती तशीच बाहेर गेली. तळं निवांत होतं. पाणी पावसाने थोडं वर आलेलं, काठ ओले. बराच वेळ उभी राहिली. काही नाही.

परत आत आली. "कसे ओरडत होते?"

"टंग नव्हे, वेगळंच. लांबलचक. मला आधी वाटलं, बेसमेंटमध्ये तू शिलाईचं मशीन चालू ठेवून गेलीस. दोरा संपला तरी नुसतं फिरतंय, तसं. जिन्याने खाली जाऊन बघून आलो."

"या गुडघ्यांनी?"

"या गुडघ्यांनी. मशीन बंद होतं. वर आलो, खिडकी उघडली, तर तळ्यातून."

जयंतीने बॅग उघडली. कपड्यांच्या खाली एक पांढरी डबी होती. गुरुदत्तच्या श्रवणयंत्राची, चार्ज करायची. शुक्रवारच्या गडबडीत ओट्यावरून आपल्या औषधांबरोबर तिनेच भरली होती. तिने ती डबी टेबलावर ठेवली.

"हे माझ्याबरोबर एटोबिकोत होतं. तुमची यंत्रं शनिवारपासून बंद असणार. आणि बेडूक मशीनसारखा ओरडत नाही. छत्तीस वर्षं ऐकतेय मी." तिचा आवाज चढला नाही, उलट बसला. "माझ्यासाठी खोटं बोलू नका. मला ते पुरणार नाही."

"जयंती, मी..."

"तोड मी काढलीय. मीच पाळीन. खिडकी लावा, गॅसचं बिल काय बेडूक भरणार आहेत?"

गुरुदत्तने खिडकी लावली. त्यानंतर तो विषय त्याने काढला नाही. तो रुसला की चहात साखर जास्त घालतो. त्या आठवड्यात तीन चमचे चालले होते.

व्हिक्टोरिया डेचा सोमवार लख्ख उजाडला. जयंती लवकर उठली, बूट चढवले. उद्या माती येणार, मशीन येणार, आणि मशीन दगडासकट सगळं ढकलून देणार. ते दगड तिने उचलून आणले होते. तेवढे तरी आपल्या हाताने काढून बाजूला रचायचे, असं तिने ठरवलं. एक एक. डाव्या हाताने धरायचं, उजव्याने नुसतं तोलायचं. गौरांगीला बोलावलं नाही. हे काम उसनं द्यायचं नव्हतं.

उत्तरेच्या काठाचे काढून झाले. मग दक्षिणेचा काठ, जिथे पाणी उथळ आणि दुपारी कोमट होतं. पहिल्या दगडाला पाण्याखाली शेवाळ धरलं होतं. तिने हात घातला आणि दगडावर काळे तीळ पसरलेले दिसले. दाट, मूठमूठ. तिला वाटलं, गौरांगीच्या निर्माल्यातलेच काही उरले असतील.

तीळ हलले.

ती गुडघ्यांवर बसली. तोंड पाण्याजवळ नेलं. प्रत्येक तिळाला शेपटी होती, केसाएवढी. सगळे दगडाच्या शेवाळाला तोंड लावून चिकटलेले, आणि तिची सावली पडताच एकदम वळवळले. पाणवनस्पतीच्या देठांभोवती दोऱ्यासारखं काहीतरी गुंडाळलेलं होतं, पातळ, रिकामं, फाटत चाललेलं. अंड्यांच्या माळा. हिरव्या बेडकांची अंडी अशी नसतात, ती पाण्यावर सायीसारखी पसरतात. त्यांची पिल्लं काळी कुळकुळीतही नसतात.

मग तिला भाजीच्या वाफ्यातले ते दुसऱ्या जातीचे बेडूक आठवले. कोरडे, मातकट, अंगभर फोड. ऱ्हुबार्बच्या पानाखाली दरसाल एखादा सापडे. फावड्याने बाजूला सारावा लागे. ते मातीत झोपतात, गाळात नाही. तळाशी काय कुजलं याची त्यांना काय पडली असणार? ते वाफ्यातून आणि शेजाऱ्यांच्या कुंपणाखालून निघून आले होते. पावसाच्या एका रात्री आले, ओरडले, माळा सोडल्या आणि आपापल्या मातीत परत गेले. त्या एका रात्री जयंती सतराव्या मजल्यावर होती.

ती उठली. पाय बधिर झाले होते. दारात जाऊन तिने हाक मारली.

"अहो! या इकडे!"

तो यंत्र घालून, काठी टेकत आला. तिने खुर्ची काठाशी ओढली, त्याला बसवलं, पाण्याकडे बोट केलं. गुरुदत्तने चष्मा वर-खाली केला.

"हे काय, तीळ सांडले?"

"पिल्लं आहेत. बेडकांची."

तो बघत राहिला. त्याचा चेहरा हळूहळू फुलला आणि मग एकदम साळसूद झाला. "कुणीतरी सांगत होतं, आले होते म्हणून. कोण बरं?"

"झालं?"

"कुणाच्या तरी कानाला यंत्र नव्हतं म्हणे. खोटारडा म्हातारा कुणी."

"झालं का बोलून?" ती त्याच्या खुर्चीशेजारी दगडावर बसली. "चुकले मी. आता सांगा."

"काय?"

"कसे ओरडत होते ते. नीट सांगा. मी नव्हते ना."

गुरुदत्तने तिच्याकडे पाहिलं. ती चेष्टा करत नव्हती. त्याने काठी आडवी मांडीवर घेतली, गाल फुगवले, जीभ टाळूला लावली आणि र्रर्रर्र करत सुरू झाला. दम संपला तिथे थांबला.

"एक एवढा. तो संपत आला की दुसरा, जरा वरच्या सुरात. मग तिसरा. यंत्राशिवाय मला ऐकू आलं, म्हणजे केवढे असतील, विचार कर. मी दिवा लावला नाही. बसलो खिडकीशी. वाटलं, तू हवी होतीस." तो थांबला. "फोन करणार होतो. पण मला फोनवर ऐकू येत नाही, आणि तुला काय ऐकवणार, म्हणून राहिलं."

"पुन्हा करा."

"काय, आवाज? शेजारी बघतायत."

"बघू द्या. वरच्या सुरातला करा."

त्याने केला. तो आरतीत लागे तसाच, अर्धा सूर मागे. जयंती पाण्याकडे बघत ऐकत होती. तोंडावरून काही कळत नव्हतं. तिने पुन्हा सांगितलं, त्याने पुन्हा केला, आणि मग खोकला आला म्हणून दोघं थांबले.

फोन वाजला. जयंतीने चिखलाच्या हाताने खिशातून काढला. ऊर्मी होती.

"हाय आई. जस्ट कन्फर्मिंग. दे आर कमिंग टुमॉरो ॲट एट, ओके? आर यू ऑलराइट?"

"त्यांना नको म्हणून सांग."

"आई. वी हॅड अ डील."

"हो, होती. तीच पाळतेय. बेडूक आले."

"रिअली? यू हर्ड देम?"

"मी नाही," जयंती म्हणाली. "तुझ्या बाबांनी ऐकले."

तिने फोन ठेवला, काढलेल्या दगडांकडे बघितलं, आणि पहिला उचलून परत जागी बसवायला घेतला.